खिडकीतली बाहुली

करारावर पानापानाला सही करायची, हा बिल्डरचा शिरस्ता. नवऱ्याने आपल्या सह्या कालच उरकल्या होत्या. "मी सगळं वाचलंय गं, तू नुसत्या सह्या कर," म्हणत त्याने पेन तिच्या हातात दिलं.

टेबलावर त्यांच्या घराचं पुठ्ठ्याचं, छप्पर नसलेलं मॉडेल होतं. बारा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढताना तिने मनातल्या मनात बांधलेलं घर. स्वयंपाकघराची खिडकी तर तिने भांडून मोठी करून घेतली होती. त्याच खिडकीत बोटाएवढी एक बाहुली उभी होती, तिच्यासारखीच निळ्या कपड्यांतली. तिला हसू आलं.

पहिली सही करून तिने मान वर केली, तर बाहुली बैठकीच्या खोलीत आली होती. दुसऱ्या सहीला ती उंबऱ्यावर होती.

"ही बाहुली कोण हलवतंय?"

"मॉडेलमध्ये आम्ही माणसं ठेवत नाही, ताई," बिल्डर म्हणाला.

"तुला तरी दिसतेय ना?" तिने नवऱ्याला विचारलं. त्याने शेवटचं पान तिच्यापुढे सरकवलं. मग कित्येक वर्षांत न काढलेल्या मऊ आवाजात म्हणाला, "दमलीयस तू. एकच राहिलीय, करून टाक."

त्या आवाजापुढे तिचं कधीच काही चाललं नव्हतं. तिने सही केली.

बाहुली आता अंगणाच्या कडेला, घराकडे तोंड करून उभी होती. नवऱ्याने तिकडे न बघताच हात लांबवला, करंगळीच्या नखाने मॉडेलचं इवलंसं दार लोटलं, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.