शिमगो भुंकत नाही

ताडपत्रीच्या आडोशामागे गौरवी कान देऊन उभी होती. पलीकडे गोव्यातल्या धारगळच्या मैदानावर पाच कुत्री ओळीने बसली होती, त्यांत एक तिचा शिमगो. मालकांनी दिसेनासं व्हायचं आणि कुत्र्यांनी तीन मिनिटं जागचं हलायचं नाही, तोंड उघडायचं नाही. आज्ञापालनाच्या स्पर्धेतली ही शेवटची कसोटी. एवढी पार पडली की शिमगोला पदवी. चोपड्याच्या धक्क्यावर ऐन शिमग्यात सापडलेलं गावठी पिल्लू, त्याला कसली पदवी मिळते, असं म्हणणारे गावात पुष्कळ होते.

गेल्या वर्षी तो इथेच भुंकला होता. एकदाच. नियमात ‘भुंकल्यास गुण कापावेत’ एवढंच लिहिलेलं. किती कापावेत ते ज्या त्या परीक्षकाच्या मर्जीवर. कोल्हापूरच्या काशिनाथरावांनी अर्धा गुण कापला, बेळगावच्या वर्षाताईंनी पाच. सरासरी काढली आणि पदवी पाऊण गुणाने हुकली. दोघे परीक्षक त्यावरून चहा निवेपर्यंत भांडले. त्यांचा चहा गेला, गौरवीचं वर्ष गेलं.

भुंकताना त्याचं तोंड प्रेक्षकांच्या खुर्च्यांकडे होतं. तिथे तिचे वडील, बाबली, बसले होते. घरीसुद्धा तो अधूनमधून उगाचच त्यांच्या तोंडावर भुंकायचा. ही खोड मोडायचीच, असं बापलेकीने ठरवलं. मग रोज संध्याकाळी बाबली सोप्यावर खुर्ची टाकून बसायचे. त्याने भुंकावं म्हणून मुद्दाम काठी पाडायचे, मान टाकायचे, कण्हायचे. तरुणपणी जत्रेतल्या नाटकांत काम केलेला माणूस, हौसेला तोटा नव्हता. शिमगोने तोंड उघडलं की गौरवी मूठ पुढे धरायची. भुंकणं गिळलं की मुठीतला उकडलेल्या बांगड्याचा तुकडा त्याचा. दिवाळीपर्यंत बाबली खुर्चीतून खाली लोळले तरी कुत्रा हूं की चूं करीनासा झाला.

“आतां कितेंय जांव,” काहीही होवो, हा गप्पच, अशा कौतुकाने बाबली म्हणाले होते, “हो तोंड उगडचो ना!”

आज सकाळी निघायची घाई झाली. “बाबा, इन्सुलीनचें इंजेक्शन घेतलें. पूण न्याहारी?” तिने गाडीतच विचारलं.

“पोई घेतल्या गो पिशवेंत. थंय खातां. तू कुत्र्याक पळय.” पाव तिथे जाऊन खाईन, तू कुत्र्याकडे बघ, म्हणत त्यांनी विषय संपवला.

ताडपत्रीमागे तिने मनात आकडे मोजले. महामार्गावरून एक ट्रक गेला. मग कुणाचं तरी कुत्रं भुंकलं, जाड्या आवाजात, दोनदा. शेजारी उभी असलेली बाई “गेलं!” म्हणत मटकन खाली बसली. गौरवीला बरं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. शिमगोचा आवाज नव्हता. शेवटपर्यंत नव्हता.

शिट्टी झाली. ती जवळजवळ धावतच आली. शिमगो होता तिथेच होता, पण तिच्याकडे बघेना. त्याचं अंग थरथरत होतं, तोंडातून लाळ गळत होती. काशिनाथराव कागद हलवत आले.

“काय गप बसलंय बघा! म्या काय कापलं न्हाई, आन् ह्या बाईंनीबी न्हाई. पैल्यांदाच जमलंय आमचं.”

वर्षाताई हसल्या. गौरवीने हात उंच करून खुर्च्यांकडे पाहिलं. बाबलींची मान छातीवर पडली होती. काठी खाली पडली होती. बाबा नाटक करतायत, असं वाटून तिला हसूच आलं. एवढ्या लोकांत काय ही थट्टा! मग तिला त्यांच्या पायाशी पावाची पिशवी दिसली. पिशवीची गाठ सकाळी तिने मारली होती तशीच होती.

स्पर्धेला नेमलेला गुरांचा डॉक्टर गौरेश सगळ्यांआधी पोचला. त्याने घामाने भिजलेला हात धरून पाहिला आणि कुणाला तरी साखर आणायला पिटाळलं.

“साखर उतरल्या. कितलो वेळ जालो अशे आसात?”

तोवर कुणाचंच लक्ष तिकडे नव्हतं. सगळे कुत्र्यांकडे बघत होते. काशिनाथराव हातातल्या कागदाची घडी करत हळूच म्हणाले, “कुत्रं मगाधरनं तिकडंच बघत हुतं. मला वाटलं, काय शिस्त हाय.”

गौरवीला आठवलं. गेल्या वर्षीही त्या भुंकण्यानंतर बाबा असेच घामाघूम झाले होते. ऊन लागलं म्हणून तिनेच त्यांना गोड लिंबूसरबत पाजलं होतं, दोन पेले, आणि त्यावर त्यांना तरतरी आली होती. आणि घरी येईपर्यंत शिमगोशी बोलली नव्हती.

रुग्णवाहिका आली. गौरेशने हिरड्यांना चोळलेल्या साखरेने बाबलींचे ओठ हलत होते, डोळे मात्र उघडत नव्हते. त्यांना आत घेतलं. गौरवीने पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात वर्षाताई मागून म्हणाल्या, “अगं, तुझा कुत्रा अजून तिथंच बसलाय. उठायची आज्ञा द्यायची राहिली.”

बाकीची कुत्री केव्हाच गेली होती. उन्हात एकटा शिमगो, सांगितल्या जागी, सांगितला तसा. ती धावत गेली आणि त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

“भुंक,” ती म्हणाली. रडू आवरायला तिने मूठ घट्ट आवळली होती. “शिमग्या, भुंक रे. भुंक!”

शिमगोने तोंड उघडलं. मग मिटलं, आवंढा गिळला आणि तिच्या मुठीकडे बघत राहिला.