स्वयंपाकघरातलं बटण

पुतण्याने स्वयंपाकघरातलं बटण दाबलं आणि मागच्या अंगणातली होडीची मोटार जागच्या जागी बंद पडली. मिक्सरच्या बटणाशेजारीच हे नवं बटण होतं, पांढरंशुभ्र. त्याने काकूकडे पाहिलं. कौतुक होईल अशी त्याची समजूत होती.

"एवढ्यात बंद?" काकू म्हणाली.

"एवढ्यातच! दाबलं की बंद. आता पळापळ नको, काही नको."

काकूचा चेहरा उतरला. पुतण्या मोटारसायकली दुरुस्त करायचा. गिऱ्हाइकाचा चेहरा उतरणं त्याला नवं नव्हतं, पण तो बिल दिल्यावर उतरायचा.

काका जाऊन आता बराच काळ लोटला होता. पाण्यात नव्हे. सगळा जन्म होडीत काढलेला माणूस दवाखान्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, आपला नंबर यायच्या आत गेला. होडी शेजाऱ्याने नेली आणि तिच्यात कोंबड्या पाळल्या. संध्याकाळी त्या पुढच्या टोकाला दाटीवाटीने बसत, निघायला उशीर होत असल्यासारख्या. मोटार मात्र काकूने कुणाला दिली नाही. "ती चालती राहिली पाहिजे," एवढंच म्हणाली.

म्हणून दर रविवारी काकू मोटार पाण्याने भरलेल्या पिंपात टांगायची. पंखा आधीच काढून ठेवलेला, नाहीतर पिंपातलं पाणी अंगणभर व्हायचं. मग दोरी ओढायची. मोटार गोड्या पाण्यात चालवून आतलं मीठ धुऊन काढायचं, हा काकांचा नियम. आतलं मीठ कधीच संपलं होतं. घरात त्या मोटारीइतकी स्वच्छ आंघोळ कुणाचीच होत नव्हती.

तिला बंद करायचं बटण मुळात नव्हतंच. टाकीतून येणारं पेट्रोल अडवायला कॉक फिरवायचा आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल जळून संपायची वाट बघायची, म्हणजे आत साका धरत नाही. काका तर खाडीच्या वळणावरच कॉक फिरवून टाकत. उरलेल्या पेट्रोलवर होडी बरोबर घरामागच्या धक्क्याला लागायची. धक्क्याला लागून मग पेट्रोल जाळत बसायला ते काय वेडे होते?

काकू कॉक फिरवायची आणि घरात धूम ठोकायची. दर वेळी. पुतण्याने हे पाहिलं आणि मनाशी निदान केलं: बाई घाबरते, मोटार फुटेल असं तिला वाटतं. म्हणून त्याने गळका कॉक काढून सरळ नळी जोडली, आणि न्हाणीघराच्या खिडकीतून वायर ओढून बटण थेट स्वयंपाकघरात आणलं. फुटलीच तर काकू निदान भिंतीआड असेल.

"होती तशी कर," काकू म्हणाली.

"अगं काकू, कॉक गळत होता."

"गळू दे. माझाही गुडघा वाजतो. काढून टाकतोस?"

"पण तुला भीती वाटते ना मोटारीची?"

"मोटारीची कसली भीती? पिंपातून उठून चावणार आहे का ती?" मग ती हळूच म्हणाली, "तुझ्या बटणाने वेळच मिळत नाही रे."

"कशाला?"

काकू ओटा पुसू लागली. तो आधीच पुसलेला होता.

पुतण्याने भंगाराच्या डब्यातून कॉक शोधून काढला. नवा वॉशर घालून परत बसवला. दोरी ओढली. मोटार गप्प. पुन्हा ओढली. मोटार खोकली आणि पुन्हा गप्प. काकू पिंपाची कड घट्ट धरून उभी होती. "चालू होईल ना रे?" तिने विचारलं. तिचा असा आवाज त्याने दवाखान्यातल्या त्या खुर्चीपाशी ऐकला होता. त्याने सगळा जीव लावून दोरी ओढली. मोटार धडधडू लागली.

पिंपातलं पाणी खळखळलं. काकूने मोटारीला तिची आंघोळ होऊ दिली. मग स्वतःच्या हाताने कॉक फिरवला आणि घराकडे पळत सुटली.

या वेळी पुतण्याही मागे धावला. काकू नेमकी घाबरते कशी, हे एकदा बघायचंच होतं.

काकूने चहाचं आधण ठेवलं. तोंडावर पाणी मारलं. खिडकीच्या काचेत बघून केस सारखे केले, एक बट पुन्हा सारखी केली. धक्क्याकडच्या दाराची कडी काढली. चहा गाळून दोन कप भरले. बाहेर मोटारीचा आवाज शेवटच्या थेंबावर एकदम चढला, आणि थांबला.

सगळं शांत झालं. कोंबड्यासुद्धा.

दोन कप पाहून एक आपला असणार, असं पुतण्याला वाटलं. त्याने हात पुढे केला.

"थांब जरा," दाराकडे बघत काकू म्हणाली. "होडी बांधायला ह्यांना वेळ लागतो."