उष्टावणाचा चमचा

गोपालच्या उष्टावणाला मामाने अचलपूरहून आणलेला चांदीचा इवलासा वाटी-चमचा रुख्मिणीबाईंनी तीस वर्षं जपून ठेवला होता, नातवासाठी.

आज त्यांनी तो घासून लख्ख केला, गरम वरणभात अगदी मऊ कालवला आणि वर तुपाची धार सोडली.

"काहून वो, नातवाचं उष्टावण अन् आमाले सांगतलंबी नाही?" शेजारच्या गोदाबाईंनी दारातून विचारलं.

नातू पाळण्यात झोपला होता. पाळण्याच्या बाजूने रुख्मिणीबाई खाटेवरच्या गोपालपाशी गेल्या.

"उघड माह्या राजा, जेवढं उघडते तेवढं."

 

तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन तिशीतच आखडलेल्या त्याच्या तोंडात आता एवढाच चमचा जात होता.