यादीबाहेरचं दुकान

साहेबांनी लॉकडाउनमध्ये दुकानं उघडण्याच्या अर्जातली दुसरी मागणी लाल पेनाने खोडली आणि कागद प्लास्टिकच्या पडद्याखालून परत सरकवला.

"किराणा दुपारी चारपर्यंत, मंजूर. हार्डवेअर नाही. इथे सही करा. बारा वाजता फाइल वर जातेय."

दुकानदार संघटनेच्या चिटणीसबाई सही करायला वाकल्या आणि तशाच सरळ झाल्या. त्यांचं स्वतःचं दुकान किराण्याचंच. पर्समधला फोन सकाळपासून थरथरत होता. तेवीस किराणावाले एकच विचारत होते, झालं का? त्यातल्या दोघांनी तर कालच बजावलं होतं, हार्डवेअरवाल्यांचं लोढणं गळ्यात बांधून घेऊ नका, आपलं तेवढं पदरात पाडून या.

"साहेब, लोकांना घरात बसा म्हणता. घरच गळायला लागलं तर त्यांनी काय करायचं?"

"प्लंबरला परवानगी दिलीय."

"प्लंबर काय नळ खिशातून काढणार आहे?"

साहेब मास्कच्या आत हसले असावेत. डोळे बारीक झाले. महिनाभर धड न मिटलेले डोळे.

"नाक्यावरचं ते मोठं मार्ट उघडं आहे," बाई म्हणाल्या. "तिथे तांदळाच्या शेजारी बल्ब मिळतात, नळ मिळतात, कुलपं मिळतात. मी स्वतः बघून आलेय."

"ते अन्नधान्याचं दुकान म्हणून नोंदलेलं आहे. बाई, अत्यावश्यक दुकानांची यादी मी करत नाही, पाळतो." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "दोन्ही मागण्या एकत्र पाठवल्या तर दोन्ही परत येतील. मग किराणासुद्धा पुढच्या महिन्यात."

बाई खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. खाली आवारात त्यांचा शेजारी स्कूटरला टेकून उभा होता. भिंतीला भिंत लागून दोघांची दुकानं. सत्तेचाळीस दिवस त्याच्या हार्डवेअरच्या दुकानाचं शटर खाली. रिक्षा बंद म्हणून त्यानेच त्यांना इथे आणलं होतं.

फोन पुन्हा थरथरला. बाई टेबलाशी आल्या आणि उभ्याउभ्याच सही करून मोकळ्या झाल्या. सही नेहमीसारखी आली नाही.

त्यांना जिना उतरताना पाहूनच शेजारी काय ते समजला.

"तुमचं झालं ना, वहिनी? मग बरं झालं," म्हणत त्याने हेल्मेट पुढे केलं.

चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. बाई हेल्मेट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"भाऊजी, माझी उजवीकडची भिंत रिकामी पडलीय. साबण नाही, तेल नाही. होलसेलवाले आधी मार्टचं घर भरतात. उद्या सकाळी तुमचा माल तिथे लावा."

"कुठला माल?"

"नळ, वायसर, बल्ब. लोक मागतात ते."

"आणि पकडलं म्हणजे? तुमचंही दुकान सील होईल. आत्ता कुठे चारपर्यंत मिळालंय."

"पकडू देत. आधी मार्टवाल्याला विचारून या म्हणेन."

"मग मी काय करू? घरात बसून वाट बघू?"

"घरात कशाला? माझ्या गल्ल्याशेजारी उभं राहायचं. कुठला नळ कुठे बसतो, मला मेलीला काय कळतंय!"

त्याने चावी फिरवली. स्कूटरला किक मारली. ती तिसऱ्या खेपेला लागली.

मोठ्या चौकात सिग्नल लाल होता. चारी बाजूंना चिटपाखरू नव्हतं, पोलीससुद्धा नव्हता. तरी त्याने गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबवली आणि पाय टेकवला. मागे बाईंची चुळबुळ सुरू झाली. काही बोलणार, तेवढ्यात त्यांना पुढून पुटपुटणं ऐकू आलं.

"अर्धा इंची डझनभर... पाऊण इंची सहा... बेसिनचा सायफन तर लागणारच..."

सिग्नल हिरवा झाला. तो अजून मोजतच होता.