सशाच्या कानात

इंदूबाईच्या नऊ दिवसांच्या लेकीची छाती पहाटेपासून घरघरत होती. डोंगरातल्या वाडीवरचा औषध देणारा धाऊ जिवंत ससा घेऊन अंगणात आला.

"पोरीचं नाव सांग, बाय. सशाच्या कानात नाव गेल्याबिगर त्याचं रगत छातीला लागू पडत नाय."

"बारसं बाराव्याला हाय रं. नाव आत्यानं ठेवायचं," इंदूबाई म्हणाली.

"ससा थांबंल तवर. पोर थांबंल का?"

सशाच्या कानातून ऊन आरपार दिसत होते. नवऱ्यालाही न सांगितलेले नाव इंदूबाईने त्या कानात उच्चारले, आणि धाऊने सुरी फिरवली.

बाराव्या दिवशी आत्या आली, ती रिकामा पाळणा उतरवायला. "नाव काय ठरवलं होतंस गं?"

कुंपणावर वाळणाऱ्या कातड्याकडे पाहत इंदूबाई म्हणाली, "सांगून झालं, वन्सं."