उडून गेलेली बाई

“चौथं प्रकरण काढून टाक. बाकीच्या प्रबंधावर आत्ता सही करतो.”

प्राध्यापक लातिर बाखुम यांनी कागदांचा गठ्ठा टेबलावर सरकवला आणि चष्मा पुसायला घेतला. म्बिसिन मारोनच्या मस्तकात तिडीक गेली. हे तिसऱ्यांदा होत होतं.

“कारण तरी सांगा, सर.”

“कच्चं आहे.”

“मागच्या वेळी लांब आहे म्हणालात.”

“लांबही आहे.”

“तुम्ही ते वाचलंय तरी का?”

बाखुम सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “वाचलंय,” एवढंच म्हणाले.

फ्रेंचमध्ये लिहिलेल्या आफ्रिकी अद्भुतकथांवर म्बिसिन कित्येक वर्षं खपत होती आणि चौथं प्रकरण हा त्या कामाचा जीव होता. सेनेगलच्या सिन भागातल्या कुणा शाळामास्तराने लिहिलेली, सगळे विसरून गेलेली एक कादंबरी. एका पावसाळ्यात गावातली पोरं पटापट मरतात. गावात प्राण खाणारी बाई आहे असं कळतं. लोक तिला धरायला जातात, तेव्हा ती चिंचेच्या शेंड्यावरून आगीच्या गोळ्यासारखी उडून जाते.

ते गाव खरंच होतं, आणि म्बिसिनचं आजोळही तेच. आजी तर शपथेवर सांगायची की तिने स्वतःच्या डोळ्यांनी त्या बाईला उडताना पाहिलं. म्बिसिनने आजीचं बोलणं टेप करून घेतलं होतं. छापलेली कथा आणि ती पाहिल्याचं सांगणारी जिवंत म्हातारी! असं घबाड डाकारमधल्या कुठल्या संशोधकाच्या हाती लागलं होतं?

आणि हा माणूस म्हणत होता, काढून टाक.

“तुम्हाला लाज वाटते, सर,” ती उभी राहत म्हणाली. “पॅरिसला शिकून आलात ना! तिथल्या भुतांवर पुस्तकं लिहिता. आपली भुतं मात्र अडाण्यांची.”

“म्बिसिन, मी तुला विनंती करतोय.”

“विनंती नको. कारण द्या.”

त्यांनी चष्मा उतरवून पुन्हा पुसायला घेतला. ती दार आपटून बाहेर पडली आणि त्याच पावली थेट विभागप्रमुखांकडे गेली. तिथे ती इतक्या मोठ्याने बोलली की व्हरांड्यातली मुलं थबकून ऐकू लागली. आठवडाभरात निर्णय आला. प्रबंध आहे तसाच परीक्षकांपुढे जाईल.

तिने आजीला फोन केला.

“बरं केलंस,” आजी म्हणाली. “आणि तुझ्या त्या प्राध्यापक मास्तरला म्हणावं, हिंमत असेल तर माझ्यासमोर बस. मी सांगते काय खरं नि काय खोटं.”

“तूच ये ना, आजी. समोर बसून बघ त्याचं तोंड.”

परीक्षेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत आजी निळ्या कडक बुबू झग्यात, डोक्याला सोनेरी कापड बांधून ऐटीत बसली होती. म्बिसिन तासभर बोलली. प्राण खाण्याची ही विद्या आईकडूनच मुलांत उतरते, म्हणून अशा बाईच्या पोरांना कुणी मुलगी देत नाही, हे तिने सांगितलं, तेव्हा अध्यक्ष मिस्कील हसले.

“म्हणजे लग्नाआधी सासूची चौकशी करायला हवी!”

सभागृह खदखदलं. बाखुम सर तेवढे हसले नाहीत. हसूसुद्धा येत नाही या माणसाला, म्बिसिनच्या मनात आलं.

त्यांची पाळी आली. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“ती उडाली, एवढं बाजूला ठेवलं, तर या गोष्टीत काय उरतं?”

“काहीच नाही, सर,” म्बिसिन ताडकन म्हणाली. “ती उडाली म्हणून तर ही गोष्ट आहे. नाहीतर कोण लिहिणार होतं तिच्यावर?”

टाळ्या पडल्या. आजीने तर उभी राहून ललकारी दिली. बाखुम सरांनी मान खाली घातली, पाण्याचा घोट घेतला आणि सर्वोच्च श्रेणीच्या कागदावर इतरांबरोबर सही केली. म्बिसिनला त्याचाही संतापच आला. भांडायचं तरी होतंस!

अंगणात लालभडक बिसाप सरबताचे पेले फिरत होते, मासळी भरून तळलेल्या फताया गरमागरम येत होत्या. बाखुम सर कुणाशी न बोलता फाटकाकडे निघाले. म्बिसिन त्यांना आडवी गेली.

“अभिनंदन तरी करा, सर. इतकी वर्षं छळलंत मला.”

“अभिनंदन,” ते म्हणाले. “काम चोख आहे. हीच तर अडचण आहे.”

“म्हणजे काय?”

तेवढ्यात आजी ताटली घेऊन आली.

“हाच का तुझा मास्तर? अहो, माझ्या नातीला रडवलंत की! घ्या, खा. तोंडावरून आमच्याच बाजूचे दिसता. आईचं गाव कुठलं म्हणायचं?”

“तुमचंच,” बाखुम सर म्हणाले. सेरेरमध्ये म्हणाले, खेडवळ, ठसकेबाज सेरेरमध्ये. त्यांच्या तोंडून म्बिसिनने ती भाषा कधी ऐकली नव्हती.

“अगं बाई! आमच्या गावचा, आणि मला माहीत नाही?” आजीने आनंदाने त्यांचा दंड धरला. पाहुणे कौतुकाने भोवती जमले. “कुणाचा रे तू, लेकरा?”

बाखुम सरांनी एकवार म्बिसिनकडे पाहिलं.

“त्याच बाईचा. ती उडाली नव्हती, मावशी. तुम्ही बायकांनी तिला विहिरीत ढकललं. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता, आणि माझी बोटं तुम्ही एकेक करून सोडवलीत.”