एक लांब, दोन आखूड

"आज हॉर्न वाजवायचा नाही," ड्रायव्हर सकाळपासून स्वतःला बजावत होता. बस नव्या पुलावर चढली तेव्हा त्याने हॉर्नजवळचा हात काढून मांडीवर ठेवला. जित्याची खोड, तिचा काय भरवसा!

पूल आजच सकाळी खुला झाला होता. समुद्र धरून राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा महामार्ग. कित्येक वर्षं तो तुकड्यातुकड्यांनी रुंद होत होता. कुठे डोंगर कापला, कुठे खाडीवर पूल टाकला, कुठे निम्मं गाव मागे सरकवलं. काम पुरं व्हायची तारीख इतक्यांदा पुसून रंगवली की फलकावर रंगाचे पापुद्रे साचले. शेवटी राहिलं होतं ते कड्यावरचं वळण. आता त्याच्याही डोक्यावरून, उंच खांबांवर, रस्ता सरळ निघून गेला होता.

आणि त्या वळणाच्या पलीकडे, खालच्या जुन्या रस्त्याला लागून, त्याच्या आईचं चहाचं दुकान होतं.

बस रोज तिथे थांबायची. वळणाच्या तोंडाशी एक लांब, दोन आखूड हॉर्न द्यायचे. ते ऐकले की आई दूध चढवायची, कप मांडायची. बस वळसा घालून दारात येईतो चहाला उकळी फुटलेली असायची. ही रीत वडिलांनी पाडलेली. तेही याच मार्गावर बस चालवायचे. तो रांगत होता तेव्हा त्यांची बस त्याच वळणावर कड्यावरून खाली गेली. 'वळण काढा' म्हणून आईने पुढे कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. साहेब लोक तिला खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे, शब्दही द्यायचे. पोरगा वडिलांसारखाच ड्रायव्हर झाला तेव्हा तर ती हट्टालाच पेटली.

आता वळण निघालं, आणि वळणासोबत दारातली वर्दळही निघाली. आईला ते कळत नव्हतं असं नाही. "तू वरून सुखरूप जा, माझं मी बघेन," ती म्हणायची. "फक्त आदल्या दिवशी सांग रे बाबा. म्हणजे दूध कमी घेईन."

एवढंच तिचं मागणं होतं. काल डेपोत हुकूम आला, 'उद्यापासून वरून.' त्याने लगेच फोन लावला. पण तिनेच आधी विचारलं, "उद्या येतोस ना? गूळ घालून लाडू केलेत." आणि त्याची जीभ रेटेना. "येतो की," म्हणाला आणि मोकळा झाला. आज गुपचूप वरून जायचं. बस बंद पडली असेल, असं तिला वाटेल. आठवडाभर चाचणीच्या गाड्या पुलावरून धावतच होत्या, तेव्हा वरच्या आवाजाने तिला शंका यायचं कारण नव्हतं. संध्याकाळी स्वतः जाऊन तिला सांगू, असं त्याने ठरवलं होतं.

पहिला दिवस म्हणून सगळ्याच गाड्या रेंगाळत होत्या. बसमधले लोक समुद्र बघायला एका बाजूच्या खिडक्यांवर कलंडले होते. "काय रस्ता केलाय! नाव ठेवायला जागा नाही," कुणीतरी म्हणालं. ड्रायव्हरलाही ते पटत होतं, म्हणून तर जास्तच वाईट वाटत होतं.

"अरे, ते बघ मावशीचं छप्पर!" कंडक्टर पुढे येऊन ओरडला. "वरून केवढंसं दिसतंय!"

ड्रायव्हरने खाली पाहिलं. नजर तिकडे गेली आणि इकडे मांडीवरचा हात उठला. वर्षानुवर्षांची सवय, तिने काही त्याची परवानगी घेतली नाही. एक लांब, दोन आखूड.

"मेलो!" कंडक्टर हसत सुटला. "आता मावशी चाळीस कप मांडणार!"

ड्रायव्हरच्याही मनात तेच आलं. वाया जाणारं दूध डोळ्यांपुढे आलं आणि तो चरफडला. बस पुढे सरकली. दुकान आता बरोबर उजव्या अंगाला, खाली होतं. आई पदराला हात पुसत बाहेर आली. वळणाकडे तोंड करून उभी राहिली. हात कपाळाशी धरून बघत राहिली.

"मावशी, वर! वर बघा!" कंडक्टर खिडकीतून ओरडला. वाऱ्याने ते शब्द भलतीकडेच नेले.

मग ती धावली. पायांत चपला नव्हत्या. गुडघे धरून चालणारी बाई वळणाकडे धावत सुटली. वाटेत धडपडली, उठली, पुन्हा धावली. आरशात ती मागे मागे, लहान लहान होत गेली.

"फोन लाव तिला! लवकर!"

कंडक्टरने फोन लावला. "वाजतोय. उचलत नाही."

कसा उचलणार? फोन साखरेच्या डब्याशेजारी फळीवर पडलेला असणार. पुलावर थांबायला मनाई होती, मागे गाड्यांची रांग होती, आणि खाली उतरायची वाट पार पुढच्या गावाला होती. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर गेला, तसा मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला. पाय पुन्हा उचलावा लागला.

"अरे, पण एवढं काय झालं?" कंडक्टरला काही उमगेना. "बस आली नाही म्हणून कुणी असं धावतं का?"

ड्रायव्हरची नजर आरशावरून हटेना.

"बाबांनीही त्या दिवशी हॉर्न दिला होता," तो म्हणाला. "ती दूध चढवून दारात उभी होती."